व्हरमाँटचा नियम

शुक्रवार, १९ सप्टेंबर १९९७

गणपती उरकले, आता आखातातल्या आमच्या मराठी मंडळातली भांडणं सुरू व्हायला हरकत नाही. आज घटनादुरुस्तीची सभा होती. आमचा हॉल म्हणजे मीना बाजारमागच्या उडुपी हॉटेलच्या वरची लांबट खोली. दर शुक्रवारी सकाळी तिथे माझी मराठी शाळा भरते आणि सांबाराचा वास वर यायला लागला की मुलं आपोआप सुटतात. आज त्याच चटयांवर मोठी माणसं बसली आणि त्यांनी मुलांच्या दुप्पट गोंधळ घातला.

गेल्या वर्षी मतं तीन ठिकाणी फुटली आणि वासुदेव कर्णिक एक तृतीयांश मतांवर अध्यक्ष झाले. वर्षभर मुंबईहून कलाकार आणण्यापलीकडे त्या गृहस्थांनी काही केलं नाही. म्हणून मी उठून सुचवलं, की अध्यक्षाला निम्म्याहून जास्त मतं हवीत. तेवढी कुणालाच नाही मिळाली, तर कार्यकारिणीच्या आठ जणांनी चिठ्ठ्या टाकून ठरवावं, आणि तिथेही पाच मतं लागतील. ही अक्कल माझी नाही. नोकरीच्या इंग्रजी शाळेत मी आठवीला अमेरिकेचा इतिहास शिकवते, त्यात व्हरमाँट नावाच्या राज्याचं एक पान आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे गव्हर्नर असा निवडत. मला तो नियम फार सभ्य वाटतो.

"आणि कमिटीतही पाच नाही झाले तर, विभा?" आभाने विचारलं.

"तर उपाध्यक्ष चार्ज घेणार. व्हरमाँटला १८३५ साली तेच झालं. तिथल्या विधिमंडळाने साठाहून जास्त वेळा मतदान केलं, गव्हर्नर काही ठरेना. शेवटी लेफ्टनंट गव्हर्नरने राज्य चालवलं."

"कधीपर्यंत वाट बघायची ते पण लिहू या ना."

"दिवाळीच्या प्रोग्रॅमपर्यंत," मी म्हटलं. आभाने ते वळणदार अक्षरात लिहून घेतलं. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. नऊ वर्षं माझ्या घरचं विरजण तिच्याकडे जातं आणि तिचं माझ्याकडे येतं. असे नेमके प्रश्न विचारणारी मैत्रीण मिळायलाही भाग्य लागतं.

कमरुद्दीन मात्र कंटाळला. रत्नागिरीकडचा माणूस, खाडीपलीकडे देऱ्यात त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, दोन्ही मुलं माझ्या शाळेत आहेत. म्हणाला, "बाई, येवढा कायदा कशाला? हात वर करा, मोजा, खलास." मी त्याला लोकशाही समजावून सांगितली. तो मान हलवत ऐकत राहिला.

घरी आले तेव्हा माझा नवरा गुणवंत गाडीची किल्ली टेबलावर फिरवत बसला होता. "झालं? मी म्हटलं आज खोर फक्कानला जाऊ, समुद्रावर." मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी नक्की. तो हसला.


सोमवार, २२ सप्टेंबर

आठवीत आजपासून व्हरमाँट. मी धडा वाचून दाखवत नाही, मुलांकडून करवून घेते. तीन पक्ष पाडले, तीन उमेदवार उभे केले, उरलेल्यांचं विधिमंडळ. आमची मिहिका याच वर्गात आहे. शाळेत ती मला मिस म्हणते आणि घरी आई, क्वचित विसरते. तिने आपण होऊन लेफ्टनंट गव्हर्नरचं काम मागितलं.

"तुला गव्हर्नर व्हायचं नाही?"

"नो, मिस. नोबडी हेट्स माय गाय."

मुलीत महत्त्वाकांक्षा कमी आहे. बापावर गेली असावी.


गुरुवार, २५ सप्टेंबर

मी उभी राहते आहे. राहणार नव्हते, पण वासुदेवरावांनी काल जाहीर केलं की यंदा ऑर्केस्ट्रा बसवायचा आहे, शुक्रवार सकाळचा हॉल तालमींना लागेल, मराठी शाळा "घरोघरी" भरवावी. घरोघरी म्हणजे कुठेच नाही, हे त्यांना कळतं आणि मलाही.

मिहिका सात वर्षांची होती तेव्हा माझ्या वडिलांशी फोनवर इंग्रजीत बोलली. अण्णा म्हणाले, "फोन आईकडे दे बाळा, मला ऐकू येत नाही." त्यांना चांगलं ऐकू येत होतं. त्यानंतरच्या शुक्रवारी मी हॉल मागितला. चार मुलांनी सुरू झालेल्या शाळेत आज तीसेक मुलं आहेत. ही शाळा मी वासुदेवरावांच्या ढोलकीखाली जाऊ देणार नाही.

तिसरा उमेदवार सिद्धांत. कॉम्प्युटरवाला, तरुण, त्याला क्रिकेट हवं आहे. उपाध्यक्षपदासाठी आभा. "तू अध्यक्ष हो, मी तुझ्या पाठीशी," म्हणाली. तिच्या विरोधात कुणीच उभं नाही. वासुदेवराव म्हणाले आभावहिनी चालतील, सिद्धांत म्हणाला आभाकाकी बेस्ट. माझ्या मैत्रिणीला सगळे मानतात याचा मला अभिमान वाटला.

रात्री जेवताना गुणवंत म्हणाला, "तू उभी राहतेयस हे मला आभाकडून कळलं."

"तुला सांगितलं नाही का मी?"

"नाही."

मला खरंच वाटलं होतं सांगितलं म्हणून. तो कार्यकारिणीत खजिनदार आहे, त्याला कुठूनतरी कळणारच होतं. पुन्हा भात वाढला, तर नको म्हणाला.


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

मतदान झालं. मला सगळ्यात जास्त मतं. दुसरे वासुदेवराव, तिसरा सिद्धांत. पण निम्म्याला मी सहा मतांनी कमी पडले. लतिका म्हणाली, "अगं, गेल्या वर्षीचा नियम असता तर तू आत्ता अध्यक्ष असतीस." लतिकाला अशा गोष्टी त्या त्या वेळी बोलायची सवय आहे. कार्यकारिणीत आहे म्हणून सोडून दिलं.

सिद्धांतने माघार घेतली. आता आठ जणांनी मी की वासुदेवराव एवढंच ठरवायचं. आभा उपाध्यक्ष झाली, ती चिठ्ठ्या मोजणार, तिला मत नाही.

माझे पाच पक्के आहेत. गुणवंत, लतिका, कमरुद्दीन, आणि मधू व कावेरी हे जोडपं, ज्यांची जुळी माझ्याकडे बाराखडी शिकली. उरलेले तिघे वासुदेवरावांचे. पाच हवेत, पाच आहेत. नियम चांगला असला की असं होतं.


शुक्रवार, १० ऑक्टोबर

कमरुद्दीनची जुम्याची नमाज झाली, सगळ्यांची जेवणं झाली, मग चारला जमलो. वासुदेवराव आणि मी भिंतीशी दोन खुर्च्यांवर, लग्नातल्यासारखे. आठ चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात पडल्या. आभाने एकेक उघडून वाचली. मला चार, वासुदेवरावांना तीन, एक कोरी.

कोरी. म्हणजे विरोधात द्यायची हिंमत नाही आणि बाजूने द्यायची इच्छा नाही. असल्या माणसाची मला चीड येते. वासुदेवरावांना मत देणारे तिघे निदान तोंडावर तरी देतात.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा. परतताना गाडीत मी एकेकाचं नाव घेऊन विचार करत होते. गुणवंत म्हणाला, "सोड ना, विभा. कोणाला तरी खरंच ठरवता येत नसेल."

"सहा वर्षं मुलं पाठवतात आणि ठरवता येत नाही?"

त्याने रेडिओ लावला.


मंगळवार, १४ ऑक्टोबर

आठवीतल्या विधिमंडळाने आज अकरा वेळा मतदान केलं आणि गव्हर्नर काही झाला नाही. मुलं वैतागली. तनिष म्हणाला, "मिस, समवन शुड जस्ट ब्राइब समवन." मिहिका खिडकीशी पाय हलवत बसली होती. तिला म्हटलं, तू काहीच करत नाहीस.

"आय डोन्ट हॅव टू, मिस. आय जस्ट बी नाइस टू एव्हरीवन अँड वेट."

सगळा वर्ग हसला, मीही हसले. तास संपताना तनिषने विचारलं, ज्याला लोकांनी सगळ्यात जास्त मतं दिली होती त्या माणसाचं पुढे काय झालं. मी म्हटलं, पुस्तकात दिलेलं नाही.

संध्याकाळी आभा आली होती, मीच पाठ केल्यासारखी तीच तीच नावं घेत होते. ती म्हणाली, "गुणवंतभावजींना विचारलंस का, त्यांच्या मनात काय आहे?" मी म्हटलं, त्याच्या मनात काय असणार, तो माझाच आहे. तिने चहाचा कप विसळून ठेवला. माझ्या घरी कप विसळून ठेवणारी ती एकटीच पाहुणी.


शुक्रवार, १७ ऑक्टोबर

तीनदा मतदान झालं. तिन्ही वेळा चार, तीन, एक कोरी.

मी आज डब्यावरून नजर हलवली नाही. लतिका चिठ्ठी दुमडताना माझ्याकडे बघून हसते. मधू-कावेरी एकमेकांना दाखवून लिहितात. कमरुद्दीन मात्र गुणवंतच्या शेजारी खाली मान घालून बसला होता, लिहिलं न लिहिलं आणि चटकन घडी. शिवाय वासुदेवरावांच्या प्रत्येक कार्यक्रमाला लाइट आणि माइक कमरुद्दीनच्या दुकानातून जातात. हे मला आधी सुचायला हवं होतं.

खाली उतरताना जिन्यात त्याला गाठलं. गुणवंत माझ्या मागेच होता. मी म्हटलं, "कमरुद्दीन, तुझी मुलं फुकट शिकली म्हणून तू मला बांधील नाहीस. पण माझ्या तोंडावर 'बाई, बाई' करायचं आणि आत कोरी चिठ्ठी टाकायची, हे मला तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. म्हणाला, "बाई, तुमच्या मनात आलं ना, मग आता मी काय बोलू?" आणि गेला. माझी खात्रीच पटली. निर्दोष माणूस निदान चिडतो.

घरी आल्यावर गुणवंत म्हणाला, "त्याला असं बोलायला नको होतंस."

"मग कुणाला बोलू? तू सांग."

तो गाडी धुवायला खाली गेला. गाडी सकाळीच धुतली होती.


शुक्रवार, २४ ऑक्टोबर

सकाळी शाळेत कमरुद्दीनची मुलं आली नाहीत. मला वाईट वाटलं, पण बापाची चूक, मी काय करू.

गुणवंतला पहाटेच अल ऐनला जावं लागलं, तिथल्या एका इस्पितळात त्याच्या कंपनीने बसवलेला एसी बंद पडला आहे. म्हणजे आज माझं एक हक्काचं मत कमी. मी मनाशी धरून गेले होते की आज तीनच.

सात चिठ्ठ्या. आभाने वाचल्या. मला चार. वासुदेवरावांना तीन. कोरी नाही.

मला दोनदा विचारावं लागलं. आभाने पुन्हा मोजल्या, माझ्याकडे न बघता डबा पिशवीत टाकला आणि म्हणाली, "चारच आहेत, पाच लागतात. पुढच्या वेळी बघू." एरवी मोजून झालं की ती वडी-चिवडा काढते, आज घाईने गेली. बिचारीवर ताण आला आहे.

पण हिशेब स्वच्छ आहे. गुणवंत नसताना चार, म्हणजे कोरी टाकणारा माझ्याकडे आला. माझा जिन्यातला शब्द लागला त्याला. कमरुद्दीन समोरच होता, मी त्याच्याकडे बघून हसले, त्याने मान फिरवली. लाज वाटत असेल. मत दिलंस ना बाबा, झालं. बुधवारच्या शेवटच्या मतदानाला गुणवंत असेल, त्याचं धरून पाच. शाळा वाचली.

घरी येऊन शिरा केला. मिहिकाला सगळं सांगितलं तर ती चमचा तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ओके, आई." संध्याकाळी गुणवंत अल ऐनहून खजूर घेऊन आला.

"चार," मी दारातच सांगितलं.

"चार? मी नसताना?"

"हो. म्हणजे बघ, तुझं धरून पाच."

"आणि कोरी?"

"नव्हतीच."

तो बूट घातलेलेच सोफ्यावर बसला. जरा वेळाने विचारलं, "आभा काय म्हणाली?" मी म्हटलं, ती काय म्हणणार. त्याने शिरा खाल्ला नाही. इतका प्रवास करून आलेल्या माणसाला गोड नको वाटतं.


बुधवार, २९ ऑक्टोबर

उद्या लक्ष्मीपूजन. आज शेवटचं मतदान झालं, आठही जण हजर.

चार, तीन, एक कोरी.

तिथे रडले नाही. आभाने खांद्यावर हात ठेवला. "विभा, तुझाच नियम आहे गं. मी तरी काय करणार?" वासुदेवराव उठून आले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही लढलात छान." त्यांच्या तोंडावर राग नव्हता, निराशाही नव्हती. हरलेला माणूस इतका निवांत कसा, कळलं नाही.

कमरुद्दीनकडे मी बघितलंही नाही. एकदा मत देऊन परत काढून घेणारा माणूस. न देणारा परवडला.

गुणवंतने देवळाच्या गल्लीशी गाडी थांबवली आणि मला मोगऱ्याचा गजरा आणून दिला. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर प्रथमच. सगळ्या जगाने पाठ फिरवली तरी एक माणूस आहे, असं मनात आलं आणि मग मात्र गाडीत रडू आवरलं नाही. तो दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून समोर बघत राहिला.


शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

दिवाळीचा कार्यक्रम. आभा अध्यक्षांच्या खुर्चीत, मोरपंखी पैठणी नेसून. लतिका कानाशी म्हणाली, "सातशे दिरहम, म्हणजे सात हजार रुपये धर. येवल्याला ऑर्डर देऊन मागवली, महिना लागतो यायला." लतिकाला सवयच आहे.

आभा छान बोलली. माझं नाव दोनदा घेतलं, एकदा "माझी सखी" म्हणून. मग सांगितलं की जानेवारीत वासुदेवरावांच्या मार्गदर्शनाखाली ऑर्केस्ट्रा होईल, शुक्रवारचा हॉल तोवर तालमींना, मराठी शाळा टेम्पररी बंद. "नंतर बघू या ना, इन्शाल्ला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत वासुदेवराव सगळ्यात जोरात वाजवत होते. माझ्या चटया गुंडाळून जिन्याखाली ठेवल्या होत्या, त्यावर कुणीतरी चपला काढल्या होत्या.

आभाच्या बाबतीत मी मूर्ख ठरले. मी "तर उपाध्यक्ष" म्हटलं तेव्हा तिने ते लिहून घेतलं आणि मी तिच्या अक्षराचं कौतुक करत बसले. नऊ वर्षं विरजण.

पण आभाला मत नव्हतं. ती कोरी चिठ्ठी कमरुद्दीनचीच.


शनिवार, १ नोव्हेंबर

सकाळी चकल्यांचे डबे भरताना मी कमरुद्दीनबद्दल मोठमोठ्याने बोलत होते. मिहिका टेबलाशी गृहपाठ करत होती. पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "इट वॉजन्ट कमरुद्दीन अंकल."

"तुला काय माहीत?"

"आई, बाबा वॉज इन अल ऐन दॅट डे."

"हो, मग?"

"सो वॉज द ब्लँक वन."

मी डब्याचं झाकण लावलं. मग उघडलं. मग पुन्हा लावलं. जी गोष्ट मी आठवड्याभरापूर्वी माझ्याच हाताने या वहीत लिहिली, ती तेरा वर्षांच्या मुलीला ऐकता ऐकता कळली.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

तिचे डोळे भरले. "आय थॉट यू न्यू. आय थॉट यू वर बीइंग नाइस टू हिम."


रविवार, २ नोव्हेंबर

त्याने नाकारलं नाही. नाकारलं असतं तर बरं झालं असतं, मी विश्वास ठेवला असता.

"मी तुझ्या विरोधात नाही दिलं, विभा. कोरी टाकली."

"त्यात फरक आहे?"

"मला वाटलं, होता. आपल्याला आठवड्यात एक सुट्टी असते. सहा वर्षं मी ती तुझ्या चटयांना दिली. अध्यक्ष झाली असतीस तर गुरुवारही गेला असता. मला माझा शुक्रवार हवा होता."

"सांगायचंस."

"सांगितलं. खोर फक्कान म्हटलं, अल ऐन म्हटलं, नुसतं खाडीवर फिरायला चल म्हटलं."

ते सांगणं नव्हे. सहलीला चल म्हणणं आणि तुझी शाळा मला नको म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी म्हणायला तोंड लागतं. मी भांडले असते, पण तोंडावर भांडले असते. विचारलं, आभाला माहीत होतं का.

"मी तिच्याकडे फक्त मन मोकळं केलं. तीच म्हणाली, कोरी टाका, म्हणजे कोणाचं मन दुखणार नाही."

म्हणजे माझा नवरा माझ्याबद्दलची तक्रार घेऊन एक जिना वर चढला आणि माझ्यापर्यंत आलाच नाही. तिने चिठ्ठ्या मोजताना प्रत्येक वेळी कोरी उघडली, ती कुणाची हे तिला ठाऊक होतं, आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन तिने माझे कप विसळले.

तरी हे सगळं मी एखादे दिवशी गिळलं असतं. पण जिना गिळता येत नाही. मी कमरुद्दीनला नको ते बोलले तेव्हा गुणवंत माझ्या मागे दोन पायऱ्यांवर उभा होता. कमरुद्दीनने माझ्या खांद्यावरून कुणाकडे बघितलं ते मला आज कळलं. गुणवंतने एक शब्द काढला नाही. घरी येऊन गाडी धुतली.

हे त्याला म्हटलं तेव्हा तो रडला. मी नाही रडले. माझं रडू त्या गजऱ्यावर खर्च झालं.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

लिफ्टमध्ये आभा. "विभा, रागावलीस? अगं, मी तुझ्यासाठीच हो म्हटलं, दुसरं कोणी असतं तर शाळा कायमची गेली असती." मी म्हटलं, तुझी वाटी माझ्याकडे आहे, मिहिकाबरोबर पाठवते. ती म्हणाली, राहू दे गं. मी पाठवली.


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळी गुणवंतने थर्मास भरला होता. ब्रेडला चटणी लावून डबाही केला होता, स्वतः. गाडी खाली दारातच. "चल. अल ऐनला जाऊ, हिलीच्या बागेत. तिघं."

मी पिशवीत खडू, दोन पाट्या आणि अंकलिपी घेतल्या. मिहिकाला विचारलं, येतेस का माझ्याबरोबर. तिने माझ्याकडे बघितलं, थर्मासकडे बघितलं आणि म्हणाली, "यू गो, आई. समवन शुड गो विथ हिम." मला ते लागलं, पण ती बरोबर होती बहुतेक.

एकटी खाडीवर गेले आणि अब्राने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, देऱ्याला उतरले. कमरुद्दीनचं घर दुकानाच्या वर आहे. दार हव्वाबीने उघडलं, त्याच्या बायकोने. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली. तो आत चहा पीत बसला होता, मला बघून उठला.

मी उभ्याउभ्याच बोलले. "माझी चूक झाली, कमरुद्दीन. मी भलत्याच माणसाला बोलले."

"माहीत आहे मला, बाई. मी बाजूलाच बसायचो. पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग जिन्यात बोलला का नाहीस?"

"तुमच्या घरातली गोष्ट. ती मी जिन्यात कशी काढणार? मला चार लोकांनी खोटा म्हटलं तर मी देऱ्याला येतो, दुकान उघडतो. तुम्हाला त्याच गाडीतून घरी जायचं होतं."

माझ्या संसाराची अब्रू एका परक्या माणसाने आपल्या अंगावर घेतली आणि माझ्या माणसाने त्याला ती घेऊ दिली. लोकशाही समजावून सांगत होते मी याला.

हव्वाबीने चटई टाकली. दोन्ही मुलं येऊन बसली, धाकटीने विचारलं, "बाई, बाकीचे कुठे?" म्हटलं, येतील. पाटीवर तारीख घालायला सांगितली. नमाजेची वेळ होईपर्यंत शिकवलं. हव्वाबीने दार उघडंच ठेवलं होतं.

परत आले तेव्हा ती दोघं आली होती. मिहिकाच्या नाकावर ऊन लागलं होतं. गुणवंत स्वयंपाकघरात थर्मास धूत होता, पाठमोरा. नळ बंद करून त्याने विचारलं, "पुढच्या शुक्रवारी येशील ना, विभा?"

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. तो हात पुसत उभा राहिला, मी आत येऊन ही वही उघडली. अजून तिथेच उभा आहे.